दोनदा मोठे केलेले जोडवे

मित्रांनो, मी चांदीचे एक जुने जोडवे आहे. आता कापलेले आहे. नीलव्वाच्या उजव्या पायाच्या बोटात मी बावीस वर्षे होते. तिच्याबद्दल मला सांगायचे आहे.

माझा जन्म ब्याडगीच्या पेठेत मौनेशप्पा पत्तार यांच्या सोनारीच्या दुकानात झाला. त्यांनी चांदी तापवली, तिची पट्टी ओढली, ती सळईवर वळवली, दोन्ही टोके जोडली आणि हातोडीने हलके हलके ठोकून मला गोल केले. डाव्या पायाचे जोडवे त्याच चांदीतून, त्याच दिवशी झाले.

लग्नात फकीरप्पाने मला नीलव्वाच्या बोटात घातले. फकीरप्पा मिरचीच्या बाजारात पोती शिवायचा. दाभण आणि सुतळी यांची सवय असलेल्या त्याच्या हाताला माझ्यासारखी बारीक वस्तू धरता येईना. त्याने पाय घट्ट पकडून मला रेटले, तेव्हा नीलव्वा खाली मान घालून हळूच म्हणाली, "अहो, पोतं नाही ते, पाय आहे माझा." जवळच्या बायका हसल्या. फकीरप्पा पुढे कितीतरी वर्षे ही गोष्ट लोकांना सांगत असे.

नीलव्वा मिरचीच्या खळ्यात देठ मोडायला बसायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांडी घालून, समोर लाल ढीग. माझ्या नक्षीत मिरचीची पूड बसायची. दर सोमवारी ती मला चिंचेच्या कोळाने घासायची. मग मी चमकायचे. शेजारी बसणारी रेणव्वा म्हणायची, "अक्का, तुझी जोडवी बघून माझी लपवावीशी वाटतात." ते दिवस चांगले होते.

मग नीलव्वाच्या छातीत कर्करोगाची गाठ निघाली.

हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरले. त्या दिवशी नर्सने सगळे दागिने उतरवायला सांगितले. नीलव्वाने बांगड्या दिल्या, गळ्यातले दिले, पण पाय पोटाशी ओढून बसली. जोडवी लग्नापासून कधी निघाली नव्हती. शेवटी फकीरप्पा खाली बसला आणि म्हणाला, "मी घातलंय, मीच काढतो. आणि परत मीच घालीन." ऑपरेशन संपेपर्यंत मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होते. त्याच्या छातीचे ठोके मला ऐकू येत होते. दोन दिवसांनी त्याने शब्द पाळला.

त्यानंतर लाल रंगाचे औषध सुरू झाले. नीलव्वाचे केस गेले. ते संपल्यावर दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, वर्षभर. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावले होते. "नीलव्वा, गाठ परत येऊ नये म्हणून हे औषध आहे. पण ते कधी कधी हृदयाला थकवतं. म्हणून दर तीन महिन्यांनी हृदयाची तपासणी करायची. पाय सुजले, दम लागला, आडवं झोपता येईना, वजन एकदम वाढलं, तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. लगेच यायचं."

फकीरप्पाने मान हलवली. नीलव्वानेही हलवली.

पहिल्या तपासणीत सगळे ठीक होते. दुसऱ्या तपासणीत हृदयाची ताकद कमी झालेली दिसली. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन सहा आठवडे थांबवले आणि हृदयासाठी गोळ्या दिल्या. सहा आठवड्यांनी ताकद परत आली. इंजेक्शन पुन्हा सुरू झाले. डॉक्टरीणबाई खूश होत्या. वेळेवर कळले म्हणून सावरले, असे त्या म्हणाल्या.

पण ते सहा आठवडे नीलव्वाने कसे काढले, हे त्यांना माहीत नव्हते. औषध थांबले म्हणजे गाठ वाढत असणार, असे तिने मनाशी धरले. आंघोळ करताना ती रोज दुसरी छाती चाचपून बघायची. देठ मोडता मोडता तिचा हात मधेच थांबायचा. पुन्हा औषध थांबू द्यायचे नाही, असे तिने ठरवले. कोणाला सांगितले नाही.

मित्रांनो, पौष महिन्यात मला पहिल्यांदा कळले. संध्याकाळी ती खळ्यातून उठली की मी बोटात रुतायचे. सकाळी थोडे सैल व्हायचे, संध्याकाळी पुन्हा रुतायचे. पुढे सकाळीही सैल होईना. जोडवी काढून ठेवली असती, तर घरात आणि खळ्यात दोन्हीकडे विचारणा झाली असती. म्हणून ती मौनेशप्पांकडे गेली. ते म्हणाले, "औषधानं अंग धरलंय की! बरं झालं." त्यांना खरेच आनंद झाला होता. त्यांनी मला सळईवर चढवून ठोकले आणि मोठे केले. निघताना नीलव्वाने सांगितले, "घरी बोलू नका हं. उगाच घाबरतात."

अंग धरले असे सगळेच म्हणत होते. आजारात वाळून गेलेल्या बाईचे गाल भरले, यापेक्षा चांगली खूण कोणती? तिला खोकला लागला, तेव्हा रेणव्वा हसून म्हणाली, "ब्याडगीत खोकत नाही तो परगावचा, अक्का. आता तू पुन्हा आमची झालीस." मिरचीच्या दिवसांत अख्खे गाव खोकते. खळ्यात, बाजारात, देवळात, सगळीकडे. नीलव्वाचा खोकला त्या खोकल्यात मिसळून गेला. रात्री ती दोन उशा घ्यायला लागली, मग तीन. फकीरप्पाने विचारले तर म्हणाली, मिरची नाकात बसलीय.

तपासणीची तारीख आली, तेव्हा हंगाम भरात होता. बाजारात पोत्यांचे डोंगर लागले होते. फकीरप्पा रजा काढायला निघाला तर तिने थांबवले, रेणव्वाबरोबर जाऊन येते म्हणाली. त्या दिवशी ती हुबळीला गेली नाही. रेणव्वालाही तिने काही सांगितले नव्हते. ती बसस्टँडवर दुपारपर्यंत बसून राहिली आणि घरी परतली. फकीरप्पाने विचारले, "काय म्हणाल्या?"

"सगळं छान आहे म्हणाल्या."

इंजेक्शन ती तेव्हा गावातल्याच एका लहान दवाखान्यात घेत होती. तिथल्या नर्सने तपासणीचा कागद मागितला, तर घरी राहिला म्हणाली. नर्सने विश्वास ठेवला.

शिवरात्रीला ती पुन्हा मौनेशप्पांकडे गेली. या वेळी ठोकून भागणार नव्हते. त्यांनी मला उघडले, चांदीचा छोटा तुकडा मधे घातला आणि जोडून दिले. मी कधी नव्हते इतके मोठे झाले. पंधरा दिवसांत तेही पुरेना.

एका सकाळी विहिरीवरून घागर आणताना नीलव्वा उंबऱ्याशी बसली आणि तिला उठताच येईना. ओठ निळे पडले होते. फकीरप्पाने तिला गाडीत घालून हुबळीला नेले. तोवर पाय इतके सुजले होते की मी मांसात बुडाले होते आणि बोट काळे पडायला लागले होते. दवाखान्यातल्या एका माणसाने बारीक कात्रीने मला आणि डाव्या जोडव्याला कापले. नीलव्वा शुद्धीवर होती. तिने फकीरप्पाकडे बघितले आणि म्हणाली, "परत घालायला विसरू नका."

चार दिवस सगळ्यांनी प्रयत्न केले. पाचव्या दिवशी ती गेली.

डॉक्टरीणबाई फकीरप्पाजवळ बाकावर येऊन बसल्या.  त्या म्हणाल्या, "गाठ परत आली नव्हती. कुठंच नव्हती."

आम्हा दोघांना कागदाच्या पुडीत बांधून त्याच्या हातात दिले.

महिन्याभराने फकीरप्पा ती पुडी घेऊन मौनेशप्पांच्या दुकानात आला. जोडून द्या, पेटीत ठेवीन, एवढेच म्हणाला. मौनेशप्पांनी मला उलटून बघितले.

"कापावं का लागलं? दोनदा मोठं करून दिलं होतं मी."

"कधी?"

"संक्रांतीच्या आधी एकदा. मग शिवरात्रीला. तुकडा घातलेला दिसतोय बघ." आणि मग मौनेशप्पांच्या लक्षात आले. त्यांनी चष्मा काढला. "सांगू नका म्हणाली होती रे. मला वाटलं, अंग धरलंय, चांगलीच गोष्ट आहे."

फकीरप्पा रागावला नाही. तो म्हणाला, "तुम्ही तरी तिचे पाय बघितलेत. मी एका घरात राहून बघितले नाहीत."

थोड्या वेळाने तो म्हणाला की जोडू नका. मौनेशप्पांनी मला दुकानात ठेवून घेऊ का विचारले. फकीरप्पाने डावे जोडवे खिशात टाकले आणि मला तिथेच ठेवून गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही वेगळी झालो.

आता मी त्यांच्या गल्ल्याशेजारी काचेखाली असते. एखादी बाई जोडवे मोठे करून मागायला आली की मौनेशप्पा आधी सांगतात, "अक्का, घोट्यावर अंगठा दाब. खड्डा राहतो का बघ. राहिला तर मी हात लावणार नाही, आधी डॉक्टरकडे जा." काही बायका चिडून दुसऱ्या दुकानात जातात. काही खाली वाकून दाबून बघतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी कर्करोगासाठी हृदयाला थकवू शकणारे असे औषध घेत असेल, तर तिची हृदयाची तपासणी कधी आहे ते तुम्हीही ध्यानात ठेवा. त्या दिवशी तिच्याबरोबर जा. जिना चढताना ती थांबते का, उशा वाढल्या का, चपला घट्ट झाल्या का, ते बघा. ती लपवील. औषध बंद होईल या भीतीने लपवील. तिला सांगा की थांबलेले औषध बहुतेक वेळा पुन्हा सुरू करता येते आणि लवकर कळले तर थकलेले हृदय बहुतेक वेळा सावरते. नीलव्वाचे एकदा सावरले होते. दुसऱ्यांदाही सावरले असते, असे फकीरप्पाला वाटते. तो रोज कामावरून येताना या दुकानासमोरून जातो आणि आत न बघता पुढे जातो.