कॅमेरा भारी हाय

"हे कोन व्हय?" पुष्पाबाईंनी विचारलं.

धम्मदीपचा माऊसवरचा हात थांबला. लोणारच्या बसस्टँडासमोर त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि गावातल्या बहुतेक मयत माणसांना पहिला हार त्याच्याच हातून पडलेला होता, संगणकावर. नातेवाइकांचे प्रश्न त्याला पाठ होते. फ्रेम सोनेरी की चॉकलेटी, मागं ढग टाकायचे की देव, फ्लेक्सवर जावयाचं नाव भावाच्या वर की खाली. पण स्वतःच्या नवऱ्याच्या फोटोकडं बोट दाखवून 'हे कोन' असं आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"काका आहेत ना, काकू," तो दबकत म्हणाला. "नारायणराव काका. त्यायच्याच फोनातून तं घेतला."

"दिसते तसं. पन ते नाई हायेत."

पडद्यावर एक गुलाबीसर गृहस्थ हसत होते. वय साठीच्या पुढचं, पण तोंडावर सुरकुती औषधाला नव्हती. गाल कसे, तर नुकत्याच सारवलेल्या ओट्यासारखे. शर्ट मात्र नारायणरावांचाच होता. खिशाला शाईचा डाग होता, तो पुष्पाबाईंनी ओळखला. फोनला बहुधा शर्टाचं सौंदर्य सुधारता येत नसावं.

खरे नारायणराव मेहकर डेपोला एसटीत कंडक्टर होते. लहानपणी देवी आल्या, त्यातून जीव वाचला, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत वण राहिले, कोणी फुरसतीनं बसून पंच केल्यासारखे. मेहकर-लोणार रस्त्यावर नारायणराव म्हटलं तर लोक विचारात पडत. 'चाळणी कंडक्टर' म्हटलं की लगेच ओळख पटे. एकदा पंच झालेलं तिकीट परत चालत नाही, तेव्हा या माणसाला पुढचा जन्म नाही, असा विनोद मागच्या सीटवरून व्हायचा. नारायणरावही हसायचे. सुट्टे देता-घेता कंडक्टरला हसावंच लागतं.

अशा माणसाचे फोटो किती असणार? लग्नात कॅमेरा समोर आला तसा त्यांनी मुंडावळ्या सारख्या करायला हात वर नेला, तो हात अजून अल्बमात वर आहे. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी पुष्पगुच्छ इतक्या आदरानं स्वीकारला की फोटोत फक्त गुच्छ निवृत्त झालेला दिसतो. मतदार ओळखपत्रावर एक काळा ठिपका होता, त्यावर तालुक्यातल्या कोणीही मतदान केलं असतं तरी खपून गेलं असतं.

आणि उद्या तेरवी होती. फोटो आजच व्हायला पाहिजे होता. तेरवीला मांडलेला फोटो मग भिंतीवर जातो आणि एकदा भिंतीवर गेला की घरच्या माणसांना हळूहळू तोच चेहरा खरा वाटायला लागतो. पुष्पाबाईंनी आपल्या सासऱ्यांच्या बाबतीत हे होताना पाहिलं होतं. त्यांची भीती तीच होती.

"वयनी, काय खराबी हाय याच्यात?" मागच्या बाकावरून दीर भगवंतराव म्हणाले. त्यांना मंडपवाल्याकडं जायचं होतं. "हीरो दिसून राह्यला आपला भाऊ. मारा याचाच फ्लेक्स."

"वण कुठी हायेत?"

"आता गेला मानूस. लोकं काय वण पाह्याले येतीन काय?"

"मी तं पाहीन ना," पुष्पाबाई म्हणाल्या.

यावर भगवंतरावांना मंडपवाला फारच निकडीनं आठवला आणि ते उठून गेले.

आता या फोनची हकीकत. तो निवृत्तीनंतर मोईजच्या दुकानातून घेतला, सगळ्यात खालच्या फळीवरचा. मुलगी समीक्षा बुलढाण्याला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, आणि नावाला जागून दिसेल त्या वस्तूची समीक्षा करते. तिनं तीन संध्याकाळी मोबाईलवर तज्ज्ञांचे व्हिडिओ पाहून निकाल दिला होता की हा फोन पैशाच्या मानानंही निकृष्ट आहे. प्रोसेसर जुना, मेमरी तोकडी, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. भगवंतरावांनी तो तळहातावर घेऊन वर-खाली झुलवला आणि वजनात मार खातो असं सांगितलं. पुष्पाबाईंनी टॉर्च लावून पाहिला, तो बरा होता.

नारायणरावांनी यातलं काही पाहिलं नाही. मोईजनं कॅमेरा सुरू करून फोन त्यांच्या तोंडापुढं धरला. नारायणरावांनी सवयीनं मान फिरवली, मग परत आणली, आणि बराच वेळ पडद्याकडं पाहत राहिले. पुष्पाबाईंना वाटलं, फोन बंद पडला.

"हाच पाह्यजे," ते म्हणाले. "कॅमेरा भारी हाय."

पुढं त्या फोननं तज्ज्ञांची मान खाली जाऊ दिली नाही. उन्हाळ्यात तो कानाला लावला की कान शेकून निघायचा. बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत सोबत करायची. फोन आला की आधी घंटी वाजायची, मग पडदा उजळायचा, तोवर समोरचा माणूस कंटाळून ठेवून द्यायचा. समीक्षा चिडली की नारायणरावांचं उत्तर एकच, "कॅमेरा भारी हाय." जन्मभर फोटोपासून पळालेला माणूस आता सरोवराच्या काठावर, पिठाच्या गिरणीपुढं, शेजाऱ्याच्या बकरीसोबत, जिथं उभा राहील तिथं हात लांब करायचा. फोन त्यांच्या फोटोंनी इतका भरला की नवा फोटो काढण्यासाठी जुना काढून टाकावा लागे, आणि त्यात कोणता काढावा यावर त्यांची सकाळ जाई.

पुष्पाबाईंनी ते फोटो कधी निरखून पाहिले नव्हते. पाहायचं काय? माणूसच समोर बसलेला होता.

"मम्मी, मी मोईजकडे जाऊन येते," खुर्चीमागं उभी असलेली समीक्षा म्हणाली. "कधी कधी मूळ फोटो फोनात दुसरीकडे असतो. त्याला माहीत असेल."

ती फोन घेऊन बाहेर पडली. धम्मदीप थोडा वेळ गुलाबी गृहस्थांकडं पाहत बसला.

"काकू, एक सांगू? मी जिंदगीभर डागच काढून राह्यलो. पिंपल, वांग, भाजल्याचे चट्टे. टाकले कधीच नाईत. पन टाकता येतीन. तुम्ही सांगान कुठी, तं."

पुष्पाबाई खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या. कुठं ते त्यांना आठवावं लागलं नाही. नारायणराव रोज सकाळी ओट्यावर आरसा टेकवून दाढी करायचे. वस्तरा वरून फिरायचा आणि खड्ड्याखड्ड्यात पांढरे खुंट राहून जायचे. मग ते चहा घेऊन आलेल्या पुष्पाबाईंपुढं गाल करायचे, बोलायचे नाहीत. त्या बोट ठेवायच्या, "इथं राह्यलं." ते तेवढं साफ करायचे. "आन इथं." लग्नानंतर कधीतरी हे सुरू झालं आणि नंतर ते चहाइतकंच रोजचं झालं. या जोडप्यानं एकमेकांना प्रेमाचं म्हणावं असं काही बोलल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. जे काही होतं ते या दोन शब्दांतच उरकायचं.

"डाव्या डोयाखाली," त्या म्हणाल्या. "अजून खाली. हाव. मोठा कर, तो खोल होता."

धम्मदीपनं टाकला.

"नाकाच्या बाजूले दोन. जुळे. ओठाच्या वर एक, बारका. नाही बाप्पा, गोल नाही, लांबोडका." त्यांचं बोट काचेवर फिरत होतं. "आता इथं. आन हे पाह्य, इथं राह्यलं."

गुलाबी गृहस्थ मागं सरकले. गालांची लकाकी गेली आणि हसू थोडं वाकडं झालं, कारण खरं हसू त्या ओठावरच्या वणाला अडखळायचं. हनुवटी झाली तशी पुष्पाबाईंनी बोट मागं घेतलं. समोर नारायणराव होते, आता 'सुट्टे द्या' म्हणतील असे. पुष्पाबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. धम्मदीपला आपण काहीतरी मोठं काम केलंय असं वाटलं आणि कधी नव्हे ते त्यानं दर सांगितला नाही.

दार ढकलून समीक्षा आत आली. मागं मोईज होता. त्यानं चप्पल बाहेर काढली होती. स्टुडिओत चप्पल काढायची पद्धत नव्हती.

"असली फोटो नाई यात, चाची," तो म्हणाला. "ब्युटी चालू असली का फोन चेहरा साफ करूनच काढते, आन तसाच ठेवते."

"मंग ते बंद काऊन नाई केलं तू?"

मोईजनं समीक्षाकडं पाहिलं. समीक्षानं भिंतीवरच्या फ्रेमांच्या नमुन्यांकडं पाहिलं. तिला ते दुकानातच कळलं होतं.

"केल्तं, चाची."

"कधी?"

"संक्रातीच्या टायमाले. चाचा आल्ते, फोन लय अटकते म्हने. मी समदा साफ केला, त्यात ते बंद झालं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडाले आलो तं चाचा आंधीच पायरीवर बसेल. म्हने, मोईज, तू बिघडवला माहा फोन. मी म्हटलं, काय झालं? तं काई बोलतच नाई. फोन तोंडापुढं धरला न मले दाखवला. म्हने, पाह्य, कॅमेरा गेला याचा."

बाहेर जालन्याची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता.

"मी चालू करून देलं. पाह्यलं त्यायनं. म्हने, आता ठीक हाय. आता असंच राहू दे."

पुष्पाबाईंनी पडद्याकडं पाहिलं. ज्या तोंडावर त्यांनी रोज सकाळी बोट ठेवलं, ते तोंड त्या माणसाला कधीच नको होतं, हे त्यांना आता, त्याच्या तेरवीच्या आदल्या दिवशी, मोबाईलच्या दुकानदाराकडून कळत होतं. इथं राह्यलं, इथं राह्यलं. आपण खुंट दाखवत होतो आणि त्याला काय दिसत होतं, कोण जाणे. का त्यालाही ते बोट बरं वाटायचं? गाल तर तोच पुढं करायचा. विचारायला हवं होतं. विचारायला आता समोर हा होता, आणि याला धम्मदीपनं बनवलं होतं.

"सुंदर झालाय गं, मम्मी," समीक्षा पडद्याकडं पाहत म्हणाली. समीक्षकाचा आवाज तिला लागला नाही. "अगदी बाबा आहेत. हाच ठेवू."

"धम्मदीप," पुष्पाबाई म्हणाल्या, "काढून टाक."

"फोटो?"

"वण."

"काकू, अवं आत्ता तं इतके हुबेहूब..."

"हाव ना. म्हनूनच म्हनून राह्यली."

धम्मदीपनं समीक्षाकडं पाहिलं, मोईजकडं पाहिलं, मग एक बटण दाबायला सुरुवात केली. वण आले त्याच्या उलट क्रमानं जायला लागले. हनुवटी आधी, मग ओठावरचा लांबोडका, मग जुळे. डाव्या डोळ्याखालचा सगळ्यात शेवटी गेला. फ्रेम चॉकलेटी ठरली.

तेरवीला माणसं चिकार आली. मेहकर रस्त्यावरच्या गावागावांतून आली, कोणी एसटीनं, कोणी टेम्पोत बसून. भगवंतरावांच्या फ्लेक्सवर नारायणराव दोन ढगांच्या मधून हसत होते आणि येणारा प्रत्येक जण फ्लेक्सपाशी थबकून, आपण बरोबर मंडपात आलो का ते दुसऱ्याला विचारत होता. कोणीतरी फोटो कोणत्या फोनचा म्हणून चौकशी केली. किंमत ऐकून तो म्हणाला, वसूल आहे.

सुलतानपूरची एक म्हातारी काठी टेकत आली. आयुष्यभर बाजारची वांगी ती नारायणरावांच्याच गाडीतून लोणारला आणायची, आणि टोपल्याचं तिकीट का लागतं यावर दर वेळी भांडायची. फोटोला तिनं हात जोडले. मग पुष्पाबाईंजवळ वाकून हळूच विचारलं, "बाई, हे कोन व्हय? आपला चाळणी कंडक्टर कुठी हाय?"

"हेच व्हय, माय."

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"देवीमायनं आपले वण वापस घेतले वाट्टे," ती म्हणाली, आणि जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे उठायच्या आत पुष्पाबाईंनी चहा केला. सवयीनं दोन कप झाला. फोन कोनाड्यात चार्जिंगला लावलेला होता आणि कसलीतरी घंटी वाजवून दमला होता. त्या एक कप घेऊन माजघरात आल्या आणि भिंतीवरच्या फोटोपुढं उभ्या राहिल्या. दारातून येणारा उजेड नेमका डाव्या गालावर पडला होता. दाढी पाहायला हाच उजेड बरा असतो.

त्यांनी डोळ्याखाली पाहिलं. नाकाच्या बाजूला पाहिलं. कप दुसऱ्या हातात घेऊन, जरा वाकून हनुवटीखालीही पाहिलं.

दाढी अगदी गुळगुळीत झाली होती. कुठंच काही राहिलं नव्हतं.