अधिवेशनातलं पाकीट

"कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवणार नाही," पहिला घास घेण्याआधीच आत्माराम म्हणाले, "पण आज मी तुझ्या बाईंना पाकीट दिलं. एकशे एक युरो. वरचं नाणं चिकटपट्टीनं लावलेलं."

मुक्ताच्या हातातली वरणाची पळी तिथेच थांबली.

बाई म्हणजे फ्राऊ हार्टमान, स्टुटगार्टच्या विधानसभेतल्या आमदार. मुक्ता त्यांच्या कचेरीत कामाला. अधिवेशन चालू असताना कुठल्याही आमदारानं कुणाकडून छदामही घेऊ नये, असं विधेयक बाईंनी आणलं होतं आणि उद्या सकाळी त्यावर मतदान होतं. पत्रकार टपलेलेच होते. त्यात त्यांच्याच कर्मचाऱ्याच्या सासऱ्यानं पाकीट सरकवलेलं निघालं, तर विधेयक गेलं, आणि मुक्ताची नोकरी त्याच्याही आधी गेली.

"बाबा, खरंच दिलंत?"

"मग? पहिल्यांदा कुणाच्या दारी जायचं, ते रिकाम्या हातानं?"

पुण्याहून आलेल्या सासऱ्यांसाठी प्रेक्षक गॅलरीचे पास तिनंच काढले होते. ती बैठकीत अडकली, म्हणून शाळा सुटल्यावर तिची लेक तनया आजोबांना घेऊन गेली होती. त्यांच्या गोष्टीत रुपयातले चार आणे नेहमी खरे असत. कुठले चार, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"घेतलं त्यांनी?"

"आधी नको-नको. मग पर्समध्ये. सगळेच करतात तसं."

हे चार आणे तर नव्हेत? मुक्ता उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली.

"कुणी पाहिलं?"

"अख्ख्या सभागृहानं! एक टकल्या विरोधक म्हणाला, मलाही द्या. म्हटलं, तुमच्या दारी कुठे आलोय मी? तेवढ्यात अध्यक्षांनी घंटा वाजवून मला खाली बोलावलं. म्हणाले, काका, दोन शब्द बोला. मग काय, बोललो. अस्सल मराठीत. बायका डोळे पुसत होत्या."

"भाषण राहू द्या हो! पाकीट दिलंत की नाही?"

"मी कधी खोटं बोललोय?"

सात वाजून गेले होते. उद्या पेपरात छापून येण्यापेक्षा आज आपल्या तोंडून गेलेलं बरं. मुक्तानं बाईंना फोन लावला.

"अगं, जेवायच्या वेळी कशाला," आत्मारामांचा आवाज एकदम खाली आला. "दमल्या असतील बिचाऱ्या."

रिंग वाजत होती. आईचा चेहरा बघून समोर जेवत बसलेल्या तनयानं कानातले हेडफोन काढले. "वास इस्ट? काय झालं?"

"आजोबांनी विधानसभेत फ्राऊ हार्टमानना पैशांचं पाकीट दिलंय," मुक्ता एका दमात म्हणाली. "तू कुठे होतीस तेव्हा?"

"हॅलो, मुक्ता?" पलीकडून बाईंचा आवाज आला.

"नाइन! नाही!" तनया किंचाळली. "आजोबा, आपण आत गेलोच नाही! तुम्ही पासपोर्टची झेरॉक्स आणलीत, खरा इथं कपाटात ठेवून! पोलिसानं दारातूनच परत पाठवलं, आणि दोन तास आपण बाकावर बसलो होतो!"