ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं

फोटोवाल्याला पैसे द्यायला मुंगीनं खिशात हात घातला आणि हाताला किल्ली लागली. छोटीशी पितळी किल्ली, लाल दोरा बांधलेली. 

"अगं आई गं!" ती ओरडली.

"एवढा काही वाईट नाही आलाय फोटो," फोटोवाला हिरमुसून म्हणाला.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. वर्षापूर्वी ती लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत शिकाऊ म्हणून लागली, तेव्हा काडीसारखी होती, फुंकर मारली तर उडेल अशी. पण पहिल्याच दिवशी ती शाफ्टमधल्या, म्हणजे लिफ्ट ज्या उंच पोकळीतून वरखाली करते तिथल्या, लोखंडी शिडीवरून अशी सरसर चढली की तिला काम शिकवणारे मिस्त्री म्हणाले, "ही पोरगी आहे की मुंगी?" झालं, चिकटलं नाव. आता कंपनीतल्या साहेबांनाही तिचं खरं नाव आठवायला रजिस्टर उघडावं लागे.

आणि ती किल्ली? ती होती तिच्या कुलपाची. या धंद्यात एक नियम आहे, आणि तो मिस्त्रींनी तिच्या डोक्यात पहिल्या आठवड्यात असा ठोकून बसवला होता की झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल. शाफ्टमध्ये शिरायच्या आधी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायचं, मेन स्विच बंद करायचा आणि त्याच्या दांड्याला आपलं कुलूप लावायचं. दोघं शिरणार असतील तर दोन कुलपं, चौघं असतील तर चार. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. काम झालं की ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो मालक असो नाहीतर मालकाचा बाप. एक जरी कुलूप लटकत असलं तरी समजायचं की कोणीतरी आत आहे.

म्हणजे आता त्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर मुंगीचं कुलूप लटकत होतं, आणि मुंगी इथं फोटोच्या दुकानात उभी होती.

घडलं होतं ते इतकं साधं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला. पाच वाजता काम संपलं. मिस्त्रींनी आपलं कुलूप काढलं आणि म्हणाले, "हा ग्रीसचा डबा आणि माझी पिशवी खाली नेऊन ठेव, मग तुझं काढू, नि चाचणी घेऊ." ती डबा घेऊन सात मजले उतरली. खाली आल्यावर आठवलं, फोटोचं दुकान सहाला बंद होतं. फोटो कायम नोकरीच्या उद्याच्या अर्जाला हवा होता. डोक्यात अर्ज, अर्ज आणि अर्ज. डबा ठेवला, पिशवी ठेवली आणि बाई निघाल्या तरातरा! मिस्त्रींना सांगायचंसुद्धा भान राहिलं नाही. शाफ्टमध्ये फोन नको म्हणून सकाळी बंद केलेला फोनही तसाच बंद. दुकानात ही गर्दी, तिथंच पाऊण तास गेला.

तिनं आता फोन चालू केला. मिस्त्रींचे सव्वीस फोन येऊन गेले होते.

तिनं उलटा फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर." मग नोट टाकली, फोटो उचलला आणि ती पळत सुटली. सुटे पैसे घ्यायलाही थांबली नाही.

उद्या तिचं वर्ष पुरं होत होतं. शिकाऊ वहीत अकरा महिन्यांच्या अकरा सह्या होत्या. बारावी सही, आणि तिच्यावर 'कामाला लायक' हे दोन शब्द, मिस्त्रींनी लिहायचे होते. ते लिहिले की कायमची नोकरी. नाही लिहिले की पुन्हा आईच्या शिलाई मशीनशेजारी बसून काज-बटणं. तिचा दादा पदवी घेऊन तीन वर्षं घरात बसला होता आणि ती कामाला लागली तेव्हा म्हणाला होता, "पाने फिरवायला शिकते म्हणे!" आता रोज संध्याकाळी तोच हळूच विचारायचा, "तुमच्याकडं अजून जागा आहेत का गं?" सगळ्या घराचा जीव त्या दोन शब्दांत अडकला होता. आणि हिनं काय केलं होतं? तर अख्ख्या इमारतीची लिफ्ट खिशात घालून निघून आली होती.

इमारतीच्या दारात माणसं जमली होती. सातव्या मजल्यावरच्या आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "मला काय उचलून नेणार आहात का?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या. मुंगी मान खाली घालून जिन्याला लागली. सात मजले. पाचव्यावर पोटात कळ आली, पण थांबायची हिंमत नव्हती.

मशीनरूमच्या दारात साहेब उभे होते. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद. त्यांना मिस्त्रींनीच फोन करून बोलावलं होतं.

"या! आल्या महाराणी!" साहेब म्हणाले. "दीड तास! दीड तास लोक माझ्या नावानं शंख करतायत. कुलूप तोडू म्हटलं तर तुझा मिस्त्री फोनवर मलाच दरडावतो, हात लावायचा नाही म्हणून. काढ ते कुलूप आधी. बाकीचं उद्या बघतो तुझं."

"चुकलं साहेब," मुंगी म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "मिस्त्रीकाका कुठं आहेत?"

"मी आलो तेव्हा नव्हता इथं. तुलाच शोधत बस-स्टॉपवर गेला असेल. काढ!"

तिनं किल्ली कुलपात घातली. दांड्यावर तिचं एकटीचं कुलूप होतं. नियमानं पाहिलं तर आत कोणीच नव्हतं, कारण दुसरं कुलूपच नव्हतं. फिरवायची, दांडा वर करायचा, लिफ्ट सुरू. आजी वर जातील, लोक गप्प होतील, साहेब निवळतील. कदाचित सहीसुद्धा मिळेल.

तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडं गेली. खिळ्याला मिस्त्रींचं घड्याळ लटकत होतं.

मिस्त्री ते घड्याळ एकाच कामासाठी काढायचे. शाफ्टमध्ये शिरताना अंगावर धातू नको म्हणून मनगटावरून काढायचं, खिळ्याला अडकवायचं, बाहेर आलं की आधी घड्याळ चढवायचं आणि मग पाणी प्यायचं. पाच वाजता कुलूप काढताना त्यांनी ते मनगटावर चढवलेलं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मुंगीनं किल्ली परत बाहेर काढली.

"आता काय झालं?"

"साहेब, काका आत आहेत."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्याचं कुलूप दिसतंय का इथं? तीस वर्षं झाली त्याला या धंद्यात, कुलपाशिवाय शिरेल का तो?"

तिलाही ते पटत होतं, तीच तर पंचाईत होती. ती धावत सातव्या मजल्यावर उतरली, साहेब मागोमाग. तिथलं शाफ्टचं दार तिनं दाराच्या वेगळ्या किल्लीनं उघडलं आणि खाली ओरडली, "काका! ओ मिस्त्रीकाका!" आवाज खाली गेला, घुमला, विरला. उत्तर नाही. पण मिस्त्रींचे कान तर मशीनींनी कधीच खाल्ले होते, त्यांना समोरच्या माणसाचंही दोनदा ऐकावं लागे.

"बघ. आहे का कोणी?" साहेब म्हणाले. "हे बघ पोरी, सरळ सांगतो. एका मिनिटात लिफ्ट चालू झाली नाही तर उद्या तोंड दाखवू नकोस. मिस्त्रीची सही असो नाहीतर नसो."

मुंगीच्या डोळ्यांसमोर आई आली, दादा आला. आणि खिळ्यावरचं ते घड्याळही. समजा काका खरंच बस-स्टॉपवर असले तर? घाईत घड्याळ विसरले असले तर? मग ती नोकरी घालवणार होती एका खिळ्यापायी.

"नाही उघडणार," ती म्हणाली. तिचा आवाज चिरका आला, तिला स्वतःलाच लाज वाटली. किल्ली मुठीत आवळून ती जिन्याकडं पळाली. मागून साहेब ओरडत येत होते. "किल्ली दे इकडं! ए पोरी!"

सात मजले ती कशी उतरली हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. खाली लोक बाजूला झाले. आजी म्हणाल्या, "झाली का सुरू?" तिनं तळमजल्याच्या शाफ्टचं दार उघडलं.

खाली, जमिनीच्याही खालच्या त्या खड्ड्यात, बॅटरीचा पिवळा उजेड हलत होता. मिस्त्री गुडघ्यावर बसले होते, लिफ्टचा धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगांच्या मागच्या अंधारात हात घालून चाचपत होते. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. नुसताच फुसफुसता आवाज येत होता, "मुंगे... अगं मुंगे..."

"काका!"

त्यांनी वर पाहिलं. ओळखायला त्यांना एक क्षण लागला. मग ते शिडी धरून वर आले, तिचे दोन्ही खांदे गच्च धरले आणि गदगदा हलवलं.

"कुठं मेली होतीस? कुठं होतीस तू? फोन बंद, कुलूप वर... लिफ्टच्या टपावर बघितलं, इथं बघितलं. मला वाटलं..."  पन्नाशी उलटलेला तो माणूस लोकांदेखत ढसाढसा रडायला लागला.

मुंगीही रडत होती. पण तिच्या तोंडून आलं ते वेगळंच. "काका, तुमचं कुलूप कुठंय?"

मिस्त्रींनी भिंतीकडं बोट दाखवलं. पिशवी भिंतीशी पडली होती, पाचला तिनं ठेवली होती तशी. कुलूप तिच्यातच होतं. वर तिचं कुलूप बघितल्यावर त्यांच्या हातानं सवयीनं घड्याळ काढलं होतं. पण खालून कुलूप आणायला सात मजले उतरून पुन्हा चढायचे, एवढा धीर कुठला? हिचं आहेच लावलेलं, म्हणून ते तसेच वरून शाफ्टमध्ये शिरले होते आणि शिडीनं खड्ड्यापर्यंत उतरले होते. लिफ्ट जागीच रोखून धरणारं खड्ड्यातलं लाल बटणसुद्धा दाबलं नव्हतं.

साहेब तिथवर पोचले होते. त्यांनी मिस्त्रींकडं पाहिलं, खड्ड्याकडं पाहिलं, वर अधांतरी लटकलेल्या लिफ्टकडं पाहिलं आणि आजींच्या शेजारी जिन्याच्या पायरीवर मटकन बसले.

"मी 'काढ' म्हणालो होतो," ते म्हणाले. 

लिफ्ट सुरू व्हायला आणखी वीस मिनिटं लागली. मिस्त्री वर आले, त्यांनी घड्याळ चढवलं, मुंगीनं आपल्या हातानं आपलं कुलूप काढलं. मग मिस्त्रींनी तिची वही मागितली आणि मशीनवर ठेवून लिहिलं: 'शिकाऊ कुलूप न काढता निघून गेली. मिस्त्री कुलूप न लावता आत शिरला.' खाली लिहिलं, 'कामाला लायक'. त्याच्याखाली सही केली.

दुसऱ्या दिवशी कारकुनानं अर्ज पाहिला, फोटो पाहिला आणि वहीवर बोट ठेवलं. "ही सही चालायची नाही. आधीच्या अकरा बघ, छापल्यासारख्या. आणि ही? कोंबडी नाचल्यासारखी. कोणी केली?"

"त्यांनीच."

"मग त्यांनाच घेऊन ये."

 मुंगी गेली आणि मिस्त्रींना घेऊन आली. मिस्त्रींनी पेन घेतलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि कारकुनासमोर सावकाश सही केली. तीही तशीच वेडीवाकडी आली.

"कालपासून अशीच येतेय," मिस्त्री म्हणाले. "अशीच धरा."

कारकुनानं वहीतल्या त्या दोन ओळी वाचल्या, पुन्हा एकदा वाचल्या, आणि शिक्का उचलला.