बिजली कोणत्या साली मेली?

"यंदा पहिला नैवेद्य गंगुबाईंकडचा नको, म्हणे. फितुराच्या घरचे मोदक बाप्पापुढे ठेवायचे कसे?"

मेघनाच्या दारात, तिच्याच पायपुसण्यावर उभ्या राहून दोघी कुजबुजत होत्या. आत कणीक मळणारे मेघनाचे हात थांबले. काळाचौकीच्या या चाळीत गणपतीचा पहिला नैवेद्य गंगुबाईंच्या घरून यायचा, ही रीत तिच्या लग्नाच्या आधीची. आणि त्यांचे यजमान कुशाबा तर कधीच देवाघरी गेले. माणूस मेल्यावर फितूर कसा होतो?

उत्तर तिच्याच ओट्यावर पडलं होतं. मंडळाच्या देखाव्याला आवाज तिचा असायचा, म्हणून आलेली संहिता. यंदाचा विषय 'बिजली', मोबाइलवरच्या गाजलेल्या गेममधली गिरणी कामगार बाई. ती मागावरचा धोटा फिरवून मालकाचे गुंड लोळवते, मग एक जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, दगा देतो आणि ती गोळीबारात मरते. संहितेत मात्र लिहिलं होतं की बिजली खरीच होती, याच चाळीत राहायची, १९५९ साली गेली, आणि दगा देणारा जॉबर म्हणजे कुशाबा!

मेघना पिठाच्या हातांनीच मंडळाच्या खोलीत गेली. चिटणीस हितेंद्र बॅनर बघत होता.

"हितू, हे कुठून आणलंस?"

"काकी, गेमच्या फॅन पेजवर सगळी हिस्ट्री आहे. खाली संदर्भपण दिलाय."

"कसला संदर्भ?"

"आपल्या मागल्या वर्षीच्या स्मरणिकेचा."

"आणि स्मरणिकेत कुठून आलं?"

हितेंद्रने कान खाजवला. "पेजवरून."

"वा रे वा! त्याने तुझ्याकडे बोट दाखवायचं, तू त्याच्याकडे. आणि कुशाबा?"

"गेममध्ये जॉबरला नाव नाहीये. म्हणून मी विचारलं, आपल्या चाळीत जॉबर कोण होतं? सगळे म्हणाले, कुशाबा. मग टाकलं."

माणसाची अब्रू म्हणजे काय रिकामी जागा भरायची का? ती गंगुबाईंकडे गेली. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"एकोणसाठ साली?" गंगुबाई उठून बसल्या. "गो बाय, तेव्हा हे गावाक ढोरां राखीत होते. धा वर्सांचो झील, तो खंयचो जॉबर? कोणी माका इचारूक तरी येवचा होता!"

दोन खोल्या पलीकडे जाऊन विचारायचं, एवढंच काम होतं. तेवढंही कुणी केलं नव्हतं!

संध्याकाळी सभेत मेघनाने हे सगळं सांगितलं. कुणी छताकडे बघू लागलं, कुणी मोबाइलमध्ये.

"ठीक आहे काकी, कुशाबांचं नाव काढतो," हितेंद्र म्हणाला. "पण बिजली राहू दे. बॅनर लागलेत, रील फिरतायत, लांबून लोक येणार आहेत."

"गेममधली म्हणून खुशाल दाखव, मीच आवाज देते. पण ती इथे राहत होती हे कशावरून? तिला कुणी पाहिलंय? तिची खोली कुठली?"

"एवढी छान गोष्ट आहे, काकी. कुणाचं काय बिघडतं?"

"कुणाचं? ती म्हातारी सकाळपासून जेवली नाहीये! नवरा गमावला तेव्हा सगळी चाळ तिच्या दारात होती. आज त्याची अब्रू गेली, तर एक माणूस फिरकलं नाही. छान गोष्टीला तारीख विचारायची नाही, असं कुणी सांगितलं? उलट अशा गोष्टीलाच ती आधी विचारावी! आज कुशाबा, उद्या तुझा बाप असेल, हितू!"

हितेंद्रची मान खाली गेली. "चुकलो, काकी. मी आत्ताच जातो त्यांच्याकडे."

"एकटा नको जाऊस." कोपऱ्यातून आवाज आला. मंडळाचे अध्यक्ष गुणाजी उठत होते. याच चाळीत जन्मलेले, वयाने सगळ्यांत थोरले. सगळी सभा त्यांच्याकडे बघू लागली.

"पोरानं चूक केली ती न विचारण्याची. आपली त्याहून मोठी. खात्री केल्याशिवाय माणसाबद्दल काही लिहू नये, आणि खोटं दिसलं तर गप्प बसू नये, एवढं तरी आज शिकू या." त्यांनी एकेका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. "बिजली नावाची बाई या चाळीत कधी नव्हती. स्मरणिका वाचली त्या दिवसापासून हे आपल्याला ठाऊक होतं. चाळीचं नाव होतंय, म्हणून आपण बोललो नाही."