एक तांबडी, तीन पांढऱ्या

ठाण्याच्या खाडीने माणसं कधी तोडली नव्हती, ते काम कॉन्फ्रारीने केलं. कॉन्फ्रारी म्हणजे किरिस्तावांची भाऊमंडळी. सणाला देवळात मिरवायचं आणि भाऊ मेला की त्याला खांदा द्यायचा, एवढंच तिचं काम. तिच्या शाखा दोन, एक ठाण्यात आणि एक खाडीपल्याड मिठागराच्या वाडीत. पुढे गोव्याचा बिशप खरा की मुंबईचा, यावरून पाद्र्यांत जुंपली. ठाणेकर एकीकडे गेले, वाडीकर दुसरीकडे. ठाणेकरांची ओपा, म्हणजे खांद्यावरून सोडायचा झगा, तांबडी. म्हणून वाडीकरांनी हट्टाने पांढरी शिवून घेतली. मोठ्या पाद्र्यांनी आपलं भांडण केव्हाच मिटवलं. आमचे भाऊ मात्र इमानी, त्यांनी ते जिवापाड जपलं.

ठाणेकरांचा पुढारी बस्त्याव. त्याची जीभ म्हणजे कोयता. 'वाडीकराच्या मयताला जो खांदा देईल, त्याने माझ्या मयताला शिवायचं नाही,' असं तो भर देवळाच्या अंगणात बोलून बसला होता.

तो बस्त्याव अठराशे सत्त्याण्णव सालच्या प्लेगात गेला, पण गेला म्हातारपणाने. वेळ तेवढी वाईट निवडली. शाखेतले निम्मे भाऊ मातीआड झालेले, उरलेले बायकापोरं घेऊन रानात झोपड्या बांधून राहिलेले. त्याचा मुलगा इनास सकाळपासून तांबडी ओपा घालून दारोदार फिरला. जिथे जावं तिथे कुलूप. मयत संध्याकाळच्या आत उचलायचं होतं आणि खांदा द्यायला तो एकटा.

"इनासभाऊ, मी हाय, माझे भाऊ हायत," शेजारचा होडीवाला गुणाजी म्हणाला. "आमी देतो खांदा."

"तुझे उपकार, गुणाजी. पण बाबाने देवासमोर शपथ घेतलेली. भावाला भावाचाच खांदा."

"मग भाऊ आणायचे कुठून?"

इनासने खाडीकडे पाहिलं. गुणाजीने आणखी काही न विचारता होडी सोडली.

वाटेत इनास मनाशी शब्द जुळवत होता. वेळ पडली तर वाडीकरांचे पाय धरायचे, असंही त्याने ठरवलं. पण घाईत एक चूक झाली. अंगावरची ओपा काढायची राहिली. ओपा घालून भाऊ परगावात पाऊल टाकतो ते फक्त तिथल्या मयताला खांदा द्यायला, हे दोन्ही काठांवरचं लहान पोरही सांगेल.

पल्याड पांढऱ्यांचा पुढारी पास्कू पोटरीभर चिखलात उतरून आला. त्याचे डोळे सुजले होते.

"आलास? माझा मनवेल गेला, ते तुला कळलं? सगळी वाडी रिकामी झाली रे. आमी तिघंच उरलेलो, चौथा खांदा नव्हता!" असं म्हणून त्याने इनासला कवटाळलं.

इनासला पेच पडला. खरं सांगावं, तर धाकट्या भावाचं मयत दारात असलेल्या माणसापुढे हात पसरल्यासारखं होणार. गप्प राहावं, तर तिकडे बाप ताटकळतोय. आणि मनवेलला खांदा दिला, तर बापाच्याच शब्दाने बापाला शिवता येणार नाही. त्याला बस्त्यावचा असा राग आला की म्हातारा जिवंत असता तर इनास त्याच्याशी कडाडून भांडला असता.

"चल," तो म्हणाला, आणि मनवेलच्या पेटीला त्याने खांदा दिला.

माती देऊन झाल्यावर त्याने सगळं सांगितलं. पास्कू थक्क झाला.

"म्हातारा गेला? आणि आता सांगतोस?"

"तुझा भाऊ दारात होता."

पास्कू म्हणाला, "त्याने माझी ओपा ओढून फाडलेली, ठाव हाय ना तुला?"

"हाय."

पास्कूने हातांची माती झटकली आणि तो मागे वळून ओरडला, "चला रे, पाणी उतरायच्या आत होडीत बसा."

ठाण्यात बस्त्यावच्या अंगणात पांढऱ्या ओपा दिसताच शेजारणी कुजबुजायला लागल्या. तिघे अंगणातच थांबले. इनास एकटा आत गेला. लपवाछपवी त्याला जमायची नाही.

"आई, मी पास्कूच्या भावाला खांदा देऊन आलोय. आता बाबाला मला शिवता येत नाय. हे तिघं उचलतील, पण चौथा कुठून आणू?"

आईने डोळे पुसले. "त्याच्या शब्दापायी माझी सख्खी बहीण वाडीत वारली, तवा तिचं तोंडदेखील पाहायला गेले नाय मी. तो होता तवर त्याचं ऐकलं. आता ह्या घरात माझं ऐकायचं. भावांना उन्हात उभं करतात का रे? घे त्यांना आत."

चौघांनी पेटी उचलली. पुढचा खांदा पास्कूचा, त्याच्या शेजारी इनास.

"म्हातारा जड हाय रे," पास्कू हळूच म्हणाला.

"होताच," इनास म्हणाला, आणि सकाळपासून दाबून धरलेलं रडू त्याला तेव्हा फुटलं.