हातानं आवळलंय

अमरसिंहची आई, आक्का, जीपमध्ये बसायला तयार नव्हती, इथून सगळं सुरू झालं. पोरानं हौसेनं डोंगर चढायची जीप घेतली, उलटली तर डोकी वाचावीत म्हणून माझ्याकडून वर जाड पाइपांचा पिंजरा करून घेतला, आणि आक्का म्हणाल्या, "मी काय पोपट हाय व्हय रं, पिंजऱ्यात बसायला?" दर पुनवेला शिरोळहून वाडीला दत्ताच्या दर्शनाला जायचं, तर त्यांना जीपच लागते. मग अमरसिंह माझ्या गडमुडशिंगीच्या शेडवर आला. "प्रभुलिंगअण्णा, वरचं पाइप काढता-घालता येत्याल असं करा. वाडीला जाताना काढू, डोंगरात जाताना घालू."

आधी मी त्याला चार शब्द सुनावले. पिंजरा म्हणजे काय सदऱ्याची बाही आहे, वाटेल तेव्हा दुमडायला? पण काम हातात घेतलं की माझा राग उतरतो. पाइप कापले, कापलेल्या टोकांना एकमेकांत बसणारे लोखंडी तुकडे वेल्ड केले आणि त्यांतून आरपार बोल्ट घातले. बोल्ट पान्यानं करकचून आवळले की जोड अखंड पाइपासारखा. सैल राहिले तर दणक्यांनी नट गळणार आणि जोड उघडणार.

रंग वाळून पाइप चढवायचे ते नेमके खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे पाने, हातोडे, ग्राइंडर, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडतात, गंध-फूल वाहतात. मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला कुणी शिवायचं नाही. वडिलांनी घालून दिलेला नियम, आणि तो मी कुणाला मोडू देत नाही. माझा जुना फिटर ज्ञानू यानं पाइप जागेवर बसवले, बोल्ट सरकवले आणि नट नुसते बोटांनी फिरवून ठेवले. उद्या पूजा झाली की पाना लावू, असं ठरलं. याला आम्ही कारागीर 'हातानं आवळणं' म्हणतो. म्हणजे काम अर्धं आहे, पाना लागायचा राहिलाय.

संध्याकाळी मी झेंडू आणायला मंडईत गेलो. तेवढ्यात अमरसिंह आला. दसऱ्याच्या सकाळी पन्हाळ्याच्या पलीकडे जीपगाड्यांची स्पर्धा होती.

"ज्ञानूमामा, झालं का काम?"

"व्हय की. समदं हातानं आवळलंय."

ऊसशेतीतला माणूस तो, कारागिरांची बोली त्याला काय ठाऊक. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं जातीनं लक्ष घालून स्वतःच्या हातानं आवळलंय. ज्ञानूला वाटलं, गाडी पूजेसाठी घरी चाललीय, सकाळी परत येईल. अमरसिंह खूश होऊन जीप घेऊन गेला, ज्ञानू शेडला कुलूप लावून घरी गेला. दोघांचंही काही चुकलं असं कुणी म्हणणार नाही.

सकाळी पूजा आटोपली, मी पाना उचलला आणि म्हटलं, "चल ज्ञानू, जीप आवळून टाकू."

"ती तर काल न्हेली की. पूजेला."

अमरसिंहला फोन लावला, लागेना. त्याच्या बायकोला, स्नेहलला लावला. ती माझ्या विद्याश्रीची मैत्रीण. पूर्वी स्पर्धेत नवऱ्याशेजारी ती बसायची. तिची मान धरल्यापासून त्या सीटवर माझी पोरगी बसते.

"दोघं पहाटंच गेली की काका. विद्याश्री बोलली न्हाय व्हय?"

मैत्रिणीकडे जाते एवढंच बोलली होती. तिनं डोंगरात जाणं मला आवडत नाही, म्हणून घरात तो विषयच निघत नसे. तिलाही फोन लागेना. मी ज्ञानूला वाटेल तसं बोललो. नियम माझा आणि शिव्या त्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी. तो बिचारा टेम्पोत येऊन बसला.

दसऱ्याची गर्दी, ऊस-झेंडूचे गाडे, ट्रॅक्टरची पूजा भर रस्त्यात. हॉर्न वाजवून वाजवून माझा हात दुखला, पण सणाच्या दिवशी कोण कुणाला वाट देतंय? ज्ञानू सारखा मोबाइल कानाला लावत होता.

पोचलो तेव्हा त्यांची जीप डोंगराच्या पायथ्याशी उभी होती. तिथून वर जायला दोन वाटा होत्या, एक वळसा घालून जाणारी सोपी आणि एक सरळ उभा चढ. मी दोरीखालून आत शिरलो, तर एका स्वयंसेवकानं छातीवर हात ठेवला.

"पावणं, दोरीच्या मागं."

"आरं, बोल्ट सैल हायेत तिचं! थांबवा गाडी!"

"तपासणी झालीया काका. समदं बोल्ट जाग्यावर हायेत."

जागेवर होतेच की! दिसायला सगळं ठीकच होतं. मी त्याला समजावू लागलो, पण लाउडस्पीकर आणि इंजिनं यांत माझं मलाच ऐकू येईना. शेवटी दोन्ही हात वर करून मी जोरजोरात हलवले. "इद्याश्री! उतर! खाली उतर!"

तिनं मला बघितलं. असं हसू तिच्या तोंडावर मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनंही दोन्ही हात हलवले. मग अमरसिंहच्या खांद्यावर थाप मारली, माझ्याकडे बोट केलं आणि पुढं समोरच्या डोंगराकडे. जीप सोप्या वाटेकडे तोंड करून उभी होती ती वळली आणि उभ्या चढाला भिडली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी ओरडतच होतो.

निम्म्यावर चाक घसरलं. जीप आडवी झाली, एक कोलांटी खाल्ली, आणि वरचे पाइप माझ्या डोळ्यांदेखत सुटून खडकांवरून खाली आले. मग मला अडवायला कुणी राहिलं नाही.

अमरसिंह कपाळ धरून बाजूला बसला होता, शुद्धीवर होता. विद्याश्रीला बाहेर काढून सपाट जागी निजवलं होतं. रक्त कुठंच नव्हतं. मला बघून पुन्हा हसली.

"अप्पा, बघितलासा? आम्ही सोप्या वाटंनं जाणार हुतो. मीच सांगितलं त्याला, पयल्यांदाच अप्पा बघायला आल्यात, मोठ्या चढावरनं घे."

ज्ञानू मागे उभा राहून रडत होता. मी म्हटलं, "पाय हलीव बघू, बाळ."

"हलवालोय की," ती म्हणाली.

मी तिच्या पायांकडे बघत होतो. ते हलत नव्हते.