मातीत जायचा राहिलेला कप

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. खरं तर मी जुना व्हायलाच नको होतो. ओल्या मातीत सहा महिन्यांत नाहीसं व्हावं, एवढ्याचसाठी माझा जन्म झाला.

माझे आईबाप म्हणजे जिवाणू. प्रयोगशाळेतल्या सरांनी त्यांच्यात दुसऱ्या जातीच्या जिवाणूंची जनुकं घातली, मक्याची साखर पोटभर दिली आणि नत्र मात्र तोडलं. नत्राशिवाय वाढता येईना, तेव्हा बिचाऱ्यांनी साखरेचे प्लास्टिकचे कण करून पोटात साठवले. माणसं चरबी साठवतात तसेच. फक्त हे कोणाच्या तरी उपयोगी पडले. ते कण वितळवून सरांनी मला साच्यात घडवलं. घाईने जरा लवकर काढलं, म्हणून माझ्या काठावर त्यांचा अंगठा उमटला.

पुढच्याच वर्षी सर गेले. त्यांच्या हाताखालच्या बाईंनी मला काचेच्या कपाटात ठेवलं. माझ्या मागून आलेले कप मातीत गेले. मी अकरा वर्षं पाहुण्यांच्या डोलणाऱ्या माना पाहिल्या. सफाईवाल्या मावशी मला पुसताना म्हणायच्या, "काय मेलं नशीब! चहासुद्धा प्यायला नाही कोणी ह्यातून."

मग प्रयोग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवणारे साहेब आले. त्यांनी माझ्यापुढची पाटी वाचली आणि मला निरखलं.

"सहा महिन्यांत नाहीसा? बाई, हा तर माझ्या जावयाच्या नोकरीपेक्षा टिकाऊ दिसतोय!"

"अहो, कपाटात कसा कुजेल? माती लागते, ओल लागते."

"मग घाला मातीत. सहा महिन्यांनी येतो. पण हाच हवा, दुसरा दाखवायचा नाही."

साहेब गेल्यावर बाई मला हातात धरून बसून राहिल्या.

"मावशी, सरांचा अंगठा आहे हो ह्याच्यावर."

"असू दे ना. पण त्यांनी ह्याला जाण्यासाठी केलं, आणि तुम्ही धरून बसलात. रागावू नका हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी इमारतीमागे स्वतः खड्डा खणून मला पुरलं. मातीतले जिवाणू आले, माझे लांबचे नातलगच. आग्रहाची वाट न बघता जेवू लागले.

परवा बाईंनी माती उकरली. अंगठ्याचा काठ गेला होता. त्यांनी वहीत तारीख लिहिली आणि मला पुन्हा झाकलं.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण ती कशासाठी केली, हे आधी विचारा. आता माझा तळ तेवढा उरलाय, त्यामुळे फार बोलवत नाही. साहेब यायला दोन महिने आहेत. येताजाता थोडं पाणी घाला.